अकरा वेळा निवडून आलेला आमदार वाचायचा कसा?

प्रश्न एका तरुणाचा आहे. तो सोलापूर जिल्ह्यातला. दिवाळी अंकासाठी सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांच्या आमदारकीवर लिहितोय. ज्याला विचारावं तो म्हणतो, अकरा वेळा निवडून आले, एसटीने फिरायचे, फार साधे होते. पण नुसत्या साधेपणावर कुणी पन्नास वर्षं मतं देतं का? की समोर तगडा माणूसच नव्हता? आणि इतक्या लांब कारकिर्दीचं मोजमाप करायचं तरी कसं?

माझी सगळी नोकरी विधिमंडळाचं वार्तांकन करण्यातच झाली, त्यामुळे गॅलरीतून दिसलेलं आणि कागदांत सापडलेलं असं दोन्ही सांगतो. तुमचा प्रश्न मी थोडा फिरवून घेणार आहे. खरी अडचण साधेपणाची नाहीच. आपल्याकडे आमदार टिकतो तो सत्तेच्या जवळ राहून: निधी, बदल्या, कारखाना, बँक, मंत्रालयातली ओळख. हा माणूस जवळजवळ सगळी आमदारकी विरोधी बाकांवर बसून होता आणि त्याचा पक्ष, शेतकरी कामगार पक्ष म्हणजे शेकाप, दर निवडणुकीगणिक आक्रसत होता. तरी तालुका त्याला सोडत नव्हता. सत्ता नसताना आमदार लोकांना नेमकं काय देऊ शकतो, हा तुमच्या लेखाचा विषय आहे असं मला वाटतं.

आधी आकडे नीट करून घेऊ, कारण यावर छापून आलेल्या लेखांत आकड्यांचा फार गोंधळ असतो. गणपतराव पहिल्यांदा निवडून आले 1962 मध्ये, शेवटचे 2014 मध्ये. 2019 ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. 30 जुलै 2021 ला ते गेले. मधल्या काळात दोनदा हरले, 1972 आणि 1995. अकरा विजयांतला एक, 1974 चा, पोटनिवडणुकीतला. म्हणजे 1962 ते 2019 ही 57 वर्षं धरली तर त्यातून 1972 नंतरची दोनेक आणि 1995 नंतरची चारेक वर्षं वजा करायला हवीत. उरतात पन्नास-एक्कावन्न. लोक सर्रास 'पंचावन्न वर्षं आमदार' असं लिहितात, ते वजाबाकी न करता.

दुसरा गोंधळ विक्रमाचा. 'देशातला विक्रम' असं कृपया लिहू नका. केरळात के. एम. मणी पाला मतदारसंघातून तेराव्यांदापर्यंत निवडून आले होते. ओम्मन चंडी पुतुपल्लीतून सलग बारा वेळा. तमिळनाडूत करुणानिधी तेरा वेळा जिंकले, मतदारसंघ बदलत, पण एकदाही न हरता. महाराष्ट्रात मात्र अकराच्या वर कुणी नाही. हल्लीच्या विधानसभेत सर्वांत जास्त वेळा निवडून आलेले कालिदास कोळंबकर आहेत, नऊ वेळा, तेही मुंबईत आणि तीन पक्षांतून: शिवसेना, काँग्रेस, भाजप. मी कोळंबकरांना कमी लेखत नाही. नायगाव-वडाळ्यासारख्या चाळींच्या वस्तीत पक्ष बदलूनही मतदार सोबत नेणं सोपं नसतं. पण तो वेगळा प्रकार. तिथे माणूस टिकला आणि पक्ष बदलले. सांगोल्यात माणूस आणि पक्ष दोन्ही तेच राहिले, आणि म्हणूनच ही कारकीर्द वाचायला अवघड आहे.

आता 'समोर कुणी नव्हतं' हा मुद्दा. मी कुठल्याही जुन्या आमदाराची फाइल उघडतो तेव्हा आधी पराभव पाहतो. विजयाला शंभर बाप असतात, पराभवात मात्र मतदारसंघाचा खरा नकाशा दिसतो. 1972 चा पराभव समजायला सोपा आहे. बांगलादेश युद्धानंतरची इंदिरा लाट, काँग्रेसला राज्यात 270 पैकी 222 जागा. त्या लाटेत भलेभले वाहून गेले. 1995 चा पराभव मात्र चक्रावून टाकणारा आहे. त्या वर्षी काँग्रेसची राज्यातली सत्ता गेली, युतीचं सरकार आलं, आणि नेमकं सांगोल्यात काँग्रेसचा तरुण उमेदवार जिंकला. फरक 192 मतांचा. ते उमेदवार म्हणजे शहाजीबापू पाटील, ज्यांना 2022 मध्ये 'काय झाडी, काय डोंगार'मुळे सगळ्या महाराष्ट्राने ओळखलं. सांगोल्याने त्यांना त्याआधी पंचवीस-तीस वर्षं ओळखलेलं होतं. गणपतरावांसमोर ते पुन्हा पुन्हा उभे राहिले. 2014 मध्ये गणपतराव सुमारे 25 हजारांनी जिंकले, ते त्यांच्याचविरुद्ध. तेव्हा प्रतिस्पर्धी होता, चिवट होता, आणि तालुक्यात विरोधी मतं कायम भरपूर होती. अकरा विजय म्हणजे अकरा वॉकओव्हर अशी समजूत असेल तर ती काढून टाका.

आता मुख्य गोष्ट. गणपतराव मंत्री झाले दोनदा. 1978 मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात, जे फेब्रुवारी 1980 मध्ये बरखास्त झालं, आणि 1999 मध्ये विलासराव देशमुखांच्या सरकारात, ज्याचा पाठिंबा शेकापने 2002 मध्ये काढला. दोन्ही मिळून चार-साडेचार वर्षं. त्याआधी 1977-78 मध्ये ते विरोधी पक्षनेतेही होते. उरलेली पंचेचाळीसच्या वर वर्षं ना लाल दिवा ना मंत्रालयात मजला. एवढा काळ मतदारसंघातली माणसं कामं घेऊन येतात, त्यांना रिकाम्या हाती परत पाठवून चालत नाही.

माझ्या मते याचं उत्तर रोजगार हमी योजनेत, म्हणजे रोहयोत आहे. 1972 च्या दुष्काळात अख्खा माणदेश खडी फोडायला बसला होता. तेव्हा गणपतराव आमदार नव्हते, हे लक्षात ठेवा. वि. स. पागे यांनी मांडलेली आणि 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात करून पाहिलेली कल्पना त्या दुष्काळात राज्यभर पसरली. मग 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला, म्हणजे पुलोदच्या काळात, गणपतराव मंत्रिमंडळात असताना. पैसा उभा राहिला तो मुख्यतः शहरांतून, मुंबई-पुण्याच्या पगारदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून. आजही पगाराच्या पावतीवर ती कपात दिसते, पण ती कशासाठी सुरू झाली हे पगारदारांना कुणी सांगत नाही.

विरोधी आमदाराच्या दृष्टीने या कायद्यात मोठी गोम होती. एरवी रस्ता हवा, तलाव हवा तर मंत्र्याकडे जावं लागतं, आणि मंत्री आधी आपल्या पक्षाचा आमदार पाहतो. इथे मजुराने अर्ज केला की पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही तर बेकारभत्ता. मेहेरबानीचा प्रश्नच उरला नाही, हक्क आला. गावात पन्नास मजुरांचे अर्ज भरून तहसीलदाराच्या टेबलावर ठेवले की पाझर तलावाचं किंवा नालाबंडिंगचं काम निघायलाच हवं. मंजुरीची यादी, मस्टर म्हणजे हजेरीपट, मोजमाप, आठवड्याचा पगार, या सगळ्यावर ज्याचं लक्ष आहे त्या कार्यकर्त्याला सत्तेची गरज पडत नाही. शेकाप हा कष्टकऱ्यांना मोर्च्यात आणणारा पक्ष, त्याला ही पद्धत हातखंडा होती. 1990 मध्ये रोहयोला फळबाग लागवड जोडली गेली, तेव्हा सांगोल्याच्या मुरमाड रानात डाळिंब आलं. त्या लागवडीतून तालुक्याच्या हातात पहिल्यांदा नगदी पैसा खेळू लागला. पुढे तेल्या रोगाने बागा गेल्या, तो वेगळा अध्याय. आणि 1999 मध्ये गणपतरावांकडे मंत्रिपद आलं ते पणन आणि रोजगार हमीचं. म्हणजे ज्या कायद्याच्या जोरावर तालुका चालवला, त्याच खात्याच्या खुर्चीवर ते बसले. लेख लिहिताना हा धागा हातचा सोडू नका.

दुसरं हत्यार सभागृह. आमदाराचं 'भाषण गाजलं' वगैरे बातम्यांवर जाऊ नका, आम्हीच त्या लिहितो. प्रश्नोत्तरांच्या छापील याद्या काढा. त्यांची भाषा एकदा कानात बसली की मजा येते. समजा एखाद्या कालव्याचा प्रश्न आहे. आमदार विचारतो: अमुक कालव्याच्या अस्तरीकरणाचं काम बंद आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तर येतं: 'हे अंशतः खरे आहे.' पुढे 'चौकशी सुरू आहे' आणि शेवटी हमखास 'प्रश्न उद्भवत नाही.' नवखा आमदार इथे थांबतो, प्रश्न छापून आला म्हणून मतदारसंघात कात्रण वाटतो. मुरलेला आमदार हे 'अंशतः' पकडून उभा राहतो, किती अंश खरं आणि किती खोटं ते मंत्र्याकडून वदवून घेतो, मंत्र्याच्या तोंडून 'तीन महिन्यांत काम सुरू करू' असं निघालं की ते मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीकडे जातं, आणि पुढच्या अधिवेशनात तोच धागा पुन्हा वर येतो. या कामाला सत्ता लागत नाही. लागते ती बैठक, नियमांचं पुस्तक आणि आधीच्या अधिवेशनात काय उत्तर आलं होतं याची आठवण. गॅलरीतून पाहताना एक गोष्ट हटकून जाणवायची: गणपतराव उभे राहिले की सत्ताधारी बाकांवरची कुजबुज थांबायची. आवाज चढवणारा तो माणूस नव्हताच. मंत्र्याची पंचाईत व्हायची ती आकड्यांमुळे. जुन्या कौन्सिल हॉलमधल्या सभागृहात त्यांनी सुरुवात केली, 1981 पासून नरिमन पॉइंटच्या नव्या विधान भवनात तेच काम केलं, आणि समोरचे मंत्री बदलत गेले.

तिसरं, सूतगिरणी. सोलापूर जिल्ह्यात राजकारणाचा रस्ता साखर कारखान्याच्या गेटातून जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. ऊस नसलेल्या तालुक्यात गणपतरावांनी शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली, तीही जिथे कापूस पिकत नाही तिथे. राज्यातल्या बहुतेक सहकारी सूतगिरण्या आजारी पडल्या, कित्येक भंगारात गेल्या. ही चालत राहिली. इथे मी थोडा सावध राहतो. गिरणी म्हणजे नोकऱ्या, आणि नोकऱ्या म्हणजे घरटी मतं, हे सहकारातलं साधं गणित इथेही होतंच. फरक इतकाच की गिरणी तोट्यात घालून निवडणुका लढवल्या गेल्या नाहीत. तुम्ही सभासदांचे वार्षिक अहवाल मिळवून ताळेबंद पाहा, साधेपणाच्या दहा किश्शांपेक्षा तो जास्त बोलेल.

पाण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण इथे यश अर्धंच आहे. सांगोला पर्जन्यछायेत. माण नदी बहुतेक वर्ष कोरडी. कृष्णेच्या पाण्यातला महाराष्ट्राचा वाटा बच्छावत लवादाने ठरवून दिला होता आणि त्याच्या फेरविचाराची तारीख होती 31 मे 2000. त्याआधी पाणी अडवलं नाही तर वाटा हातचा जाईल ही धास्ती नव्वदच्या दशकात दुष्काळी भागाने उचलून धरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, तेरा दुष्काळी तालुके एकत्र आणले. टेंभू, म्हैसाळ या योजनांमागे त्या परिषदांचा रेटा आहे. पण पाणी प्रत्यक्ष शिवारात यायला पुढे कित्येक वर्षं गेली, आणि टेल-एंडला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या सांगोल्याला ते सगळ्यात शेवटी आणि अपुरं मिळत आलं. पन्नास वर्षांच्या आमदारकीनंतर टँकर का लागतो, हा प्रश्न विरोधक विचारायचे आणि तो रास्त होता. सत्तेतला आमदार असता तर पाणी दहा वर्षं आधी आलं असतं का? कदाचित. शेजारच्या सत्तेतल्या दुष्काळी तालुक्यांकडे पाहिलं तर मला तसं ठामपणे म्हणवत नाही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून होतं ते सांगतो, नाही तर लेख आरती होईल. एक, मतदारसंघ हातात राहिला. 2009 च्या निवडणुकीआधीच्या पुनर्रचनेत शेजारचा माळशिरस अनुसूचित जातीसाठी राखीव झाला. 1980 पासून तिथून निवडून येणारे विजयसिंह मोहिते पाटील पंढरपुरातून उभे राहिले आणि भारत भालकेंकडून हरले. उपमुख्यमंत्री राहिलेल्या माणसाची ही गत. मोहोळही राखीव झाला. सांगोला खुला राहिला. हे नशीब धरा. दोन, धनगर समाजाची तालुक्यातली संख्या मोठी आणि गणपतराव त्याच समाजातले. हे न लिहिणं अप्रामाणिकपणा होईल, आणि एवढंच लिहिणंही. कारण शहाजीबापू 192 मतांनी जिंकले त्या वर्षीही संख्या तीच होती. तीन, यशवंतरावांच्या बेरजेच्या राजकारणात शेकापचे एकेक मोहरे काँग्रेसमध्ये गेले. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे हे पक्षाचे संस्थापकच परत फिरले होते. गणपतराव गेले नाहीत. तत्त्वनिष्ठा होतीच, पण सांगोल्यात काँग्रेसमध्ये आधीच एक मजबूत गट बसलेला होता, तिथे जाऊन ते दुसऱ्या रांगेतच उभे राहिले असते, हेही खरं.

साधेपणाचं काय? एसटीचा प्रवास खरा आहे. आमदाराला एसटी मोफत असते आणि बाकीचे आमदार ती सवलत वापरत नाहीत, एवढाच फरक. पण मी त्याकडे चारित्र्याचा दाखला म्हणून पाहत नाही, कामाची पद्धत म्हणून पाहतो. एसटीतून येणाऱ्या आमदाराला स्टँडवर कुणीही गाठू शकतं. रविवारच्या जनावरांच्या बाजारात खिलार बैलांच्या दावणीपाशी उभं राहून माणूस अर्ज देऊ शकतो. मधे पीए नाही, गाड्यांचा ताफा नाही, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' नाही. तालुक्यात ते आबा होते, पक्षात भाई. 'साहेब' फारसे कुणाचे झाले नाहीत. यातून जी माहिती रोज कानावर येते ती दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळत नाही, आणि सभागृहातल्या त्या आकड्यांचा उगम बऱ्याच अंशी तिथे होता.

एक कटू बाजू राहते. माणूस टिकला, पक्ष टिकला नाही. 1947 मध्ये निघालेला, एके काळी राज्यातला मुख्य विरोधी पक्ष असलेला शेकाप गणपतरावांच्या डोळ्यांदेखत रायगड आणि सांगोल्यापुरता उरला. तालुक्याची निष्ठा आबांवर होती, पक्षावर किती हे 2019 ला कळलं. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून 768 मतांनी पडले. 2024 ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख सुमारे 25 हजारांनी जिंकले आणि आज विधानसभेत शेकापचे ते एकटेच आमदार आहेत. घराण्याच्या वाटेने न जाणारा म्हणून ज्यांचं कौतुक झालं, त्यांची जागा शेवटी घरातच गेली. याचा दोष कुणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर दुसरी फळी उभी न करणं ही त्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी उणीव, आणि ती पन्नास वर्षं आमदार राहण्याची किंमतही.

थोडक्यात: आधी पराभव वाचा, मग सत्तेबाहेरची वर्षं मोजा, मग त्या वर्षांत कायदा, सभागृह आणि संस्था यांतून काय मिळवलं ते पाहा. मंत्रिपदं सगळ्यात शेवटी.

कामाला लागायचं तर विधान भवनाच्या ग्रंथालयात कार्यवाहीचे खंड आहेत. सगळे वाचायला जाऊ नका, खचाल. 1978, 1990 आणि 2000 या तीन वर्षांची अर्थसंकल्पी अधिवेशनं घ्या आणि अनुक्रमणिकेत त्यांच्या नावापुढची पानं काढा. तालुक्यात गेलात तर शेकापच्या कार्यकर्त्यांना शेवटी भेटा, ते गहिवरतील आणि तुमची वही कोरीच राहील. आधी 1995 ला विरोधात काम केलेली माणसं गाठा, रोहयोचे जुने मस्टर कारकून गाठा, गिरणीतून निवृत्त झालेले दोन-चार कामगार गाठा. आणि बाबासाहेबांनी या विधानसभेत पाण्यावर विचारलेले प्रश्न काढून आजोबांच्या 1990 सालच्या प्रश्नांशेजारी ठेवा. गावांची नावं किती बदलली आणि किती तीच राहिली, ते मोजून लेखात टाका.